बधिर बोटांचा इतिहास

कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे 'कामगार कार्यकर्ते' असे छापलेले आणि त्याखाली कर्करोगाच्या औषधांचा विषय दिलेला पाहून पुष्कळांना नवल वाटले असेल. आम्ही वैद्य नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत, नगर वाचनालयात आणि कामगारांच्या कज्जांचे कागद वाचता वाचता झाले. पण ज्या माणसांची गाऱ्हाणी ऐकण्यात आमची तीस वर्षे गेली, त्यांची सारी मिळकत हाताच्या बोटांत असते. यंत्रात सापडून बोट तुटले तर ते सर्वांना दिसते आणि त्याची भरपाई किती हे कायद्याच्या परिशिष्टात टक्क्यांनी लिहिलेले असते. बोट जागच्या जागी आहे, हलते आहे, पण त्यातली जाणीव तेवढी गेली आहे, तर ते कोणाला दाखवायचे? अशी माणसे अलीकडे आमच्या कचेरीत येऊ लागली. सारी कर्करोगातून वाचलेली. त्यांच्यासाठी आम्ही वाचू लागलो, आणि त्या वाचनातून जो इतिहास हाती आला तो आज आपल्यापुढे मांडतो.

विकाराचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे. किमोथेरपीच्या दोनचार फेऱ्या झाल्या की प्रथम पायांच्या बोटांना मुंग्या येऊ लागतात. मग तळव्याखाली वाळू पसरली आहे, किंवा काढून ठेवलेला मोजा अजून पायातच आहे, असे वाटत राहते. पुढे हाताच्या बोटांची पाळी येते. सदऱ्याची गुंडी लागत नाही. तांदूळ निवडताना खडा हाताला लागत नाही. चप्पल पायातून निसटते आणि मागून कोणी हाक मारून सांगितल्यावर ते कळते. काहींना नुसती बधिरता असते, तर काहींना तिच्या जोडीला रात्री आग होते, सुया टोचल्यासारख्या कळा येतात. डॉक्टर ह्याला न्यूरोपॅथी म्हणतात. मेंदू आणि पाठीचा कणा सोडून बाकी शरीरभर जे मज्जातंतू पसरले आहेत त्यांची ही हानी आहे. २०१४ साली ३१ अभ्यासांतील ४,१७९ रुग्णांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात शंभरातील ६८ जणांना हा त्रास होता, आणि सहा महिने उलटल्यावरही ३० जणांना होता. तेव्हा हे एखाददुसऱ्या दुर्दैवी माणसाचे दुखणे नव्हे.

मज्जातंतूंना विष बाधणे ही गोष्ट कामगारवर्गाला मुळीच नवी नाही. इटलीतील मोदेना येथे वैद्यकाचा अध्यापक असलेल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनीने १७०० साली कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात मडक्यांना शिशाची झिलई देणाऱ्या कुंभारांचे हात आधी थरथरू लागतात आणि मग लुळे पडतात, हे त्याने नोंदले आहे. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तुझा धंदा कोणता' हेही विचारावे, हा आज साधा वाटणारा सल्लाही त्याचाच. आमच्या तरुणपणी गावोगावच्या छापखान्यांत हाताने खिळे जुळवीत असत, ते खिळेही शिशाच्याच मिश्रधातूचे. १९२३ साली आपल्याकडे कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला, त्यात शिशाच्या विषबाधेला धंद्याचा रोग म्हणून जागा मिळाली. पुढे १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी सपाता चिकटवण्याचे काम करणाऱ्यांचे हातपाय बधिर आणि दुबळे होऊ लागले, तेव्हा शोध घेता घेता दोष सरसाच्या द्रावणातील हेक्झेन ह्या रसायनाकडे गेला. ह्या साऱ्या कथांचा शेवट एकाच प्रकारचा आहे. विष ओळखा आणि ते कामगाराच्या हाताखालून काढून घ्या.

किमोथेरपीच्या बाबतीत नेमकी इथेच अडचण आहे. ते विष काढून घेता येत नाही, कारण तेच औषध आहे.

ह्या औषधांपैकी पहिले मोठे औषध आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघाले. हे झाड मूळचे मादागास्कर बेटाचे, पण उष्ण देशांत सगळीकडे पसरलेले. वेस्ट इंडीजमधील जमैका बेटावर मधुमेहावर त्याच्या पानांचा काढा घेत असत. १९५२ साली कॅनडातील डॉक्टर क्लार्क नोबल ह्यांना जमैकाहून एका पाकिटात सदाफुलीची २५ पाने आली. त्यांनी ती आपले बंधू रॉबर्ट नोबल ह्यांच्याकडे दिली. हे वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठात संशोधक होते. उंदरांना अर्क देऊन पाहिला, तो रक्तातली साखर काही कमी झाली नाही. पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. एखाद्या अधीर माणसाने साखर उतरत नाही म्हणून पाने फेकून दिली असती. नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर ह्यांनी मात्र विचार केला की, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात तो रक्ताचा कर्करोग. तिथे हे उपयोगी पडेल. १९५८ साली त्यांनी व्हिनब्लास्टिन हे द्रव्य जगापुढे मांडले. त्याच सुमारास एली लिली कंपनीत गॉर्डन स्वोबोडा ह्यांनी त्याच झाडातून व्हिनक्रिस्टिन वेगळे केले, आणि १९६३ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरील उपचारात हे औषध आजही आहे. ज्या रोगात मूल घरी परत येत नसे, त्यात आज बहुसंख्य मुले परत येतात. ह्यात सदाफुलीचा वाटा मोठा आहे. तेव्हा पुढे जे सांगणार आहोत त्याचा अर्थ कोणी 'किमो घेऊ नये' असा करून घेऊ नये.

व्हिनक्रिस्टिन वापरात येताच डॉक्टरांना दिसले की, टाचेच्या वरच्या शिरेवर लहान हातोडी मारली असता पाऊल जो झटका देते तो नाहीसा होतो. मग बोटे बधिर होतात, आणि काही रुग्णांचे पाऊल चालताना उचललेच जात नाही. ह्याच भीतीने एका वेळी २ मिलिग्रॅमच्या वर हे औषध न देण्याची प्रथा पडली.

असे का होते, हे समजायला मज्जातंतूची रचना पाहावी लागेल. पायाच्या अंगठ्यापासून निघालेल्या तंतूची मूळ पेशी कण्याजवळ असते. म्हणजे ही एकच पेशी उंच माणसात मीटरभर लांब होते. तंतूच्या टोकाला लागणारा सारा माल मुळाशी तयार होतो आणि आतल्या सूक्ष्म नळ्यांच्या रुळांवरून टोकापर्यंत वाहून नेला जातो. कर्कपेशी दुभागते तेव्हा तिलाही अशाच नळ्या उभ्या कराव्या लागतात. व्हिनक्रिस्टिन ह्या नळ्या जुळू देत नाही, म्हणून कर्कपेशी मरते. पण मज्जातंतूचे रूळही त्याच मालाचे बनलेले. रूळ उखडले की मालगाडी थांबते, आणि सर्वांत दूरच्या स्थानकाची उपासमार आधी होते. म्हणून आरंभ पायाच्या बोटांपासून. हातमोजे आणि पायमोजे शरीराचा जेवढा भाग झाकतात, नेमका तेवढाच भाग बधिर होतो ह्याचे कारण हेच.

दुसरे औषध निघाले प्लॅटिनममधून. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे जंतूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जंतू दुभागायचे थांबले आणि शेवयांसारखे लांब होऊ लागले. पुष्कळ तपासाअंती कळले की करामत विजेची नव्हेच, तर वीज सोडण्यासाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून द्रावणात उतरलेल्या संयुगाची. ते संयुग रसायनशास्त्रज्ञांना १८४५ पासून ठाऊक होते. सव्वाशे वर्षे त्याला काही काम नव्हते, इतकेच. १९७८ साली ते सिस्प्लॅटिन नावाने औषध म्हणून मान्य झाले. प्लॅटिनम रूळ उखडत नाही. ते कण्याच्या बाजूला ज्या संवेदनापेशींच्या गाठी आहेत तिथे साचते, आणि मूळ पेशीच दुखावते. ह्यामुळे एक विलक्षण प्रकार घडतो. औषध थांबवल्यावरही दोनतीन महिने बधिरता वाढतच जाते. रुग्ण म्हणतो, 'उपचार संपला, मग हे वाढते कसे?' आणि घरची माणसे म्हणतात, मनाचे खेळ आहेत. ते मनाचे खेळ नसतात. ह्याच कुळातले ऑक्सॅलिप्लॅटिन जपानमध्ये नागोया येथे १९७६ साली तयार झाले आणि आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर ते सर्रास दिले जाते. त्याचा गुण असा की सुई घेतल्यावर काही दिवस थंड वस्तू हातात धरवत नाही, गार पाण्याचा घोट घशात झिणझिण्या आणतो.

तिसऱ्या औषधाची कथा सांगताना आम्हाला थोडा अभिमान वाटतो. १९६२ साली अमेरिकेच्या शेतीखात्यातील आर्थर बार्कले ह्यांनी वॉशिंग्टन राज्यातील जंगलातून पॅसिफिक यू ह्या झाडाची साल गोळा करून सरकारी तपासणीसाठी पाठवली. लाकूडतोडे त्या झाडाला कवडीची किंमत देत नसत. त्या सालीतून टॅक्सॉल, म्हणजे आजचे पॅक्लिटॅक्सेल, वेगळे करून त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध केली ती मनरो वॉल आणि मनसुख वाणी ह्यांनी. हे वाणी १९२५ साली आपल्या नंदुरबारला जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. २०२० साली ते अमेरिकेत वारले. न्यूयॉर्कच्या सुसान हॉरविट्झ ह्यांनी १९७९ साली दाखवून दिले की हे औषध सदाफुलीच्या अगदी उलट वागते. ते नळ्या मोडत नाही, त्यांना गोठवून टाकते. कर्कपेशीला रूळ हलवता येत नाहीत आणि ती मरते. पण मज्जातंतूचे रूळ गोठले काय नि उखडले काय, गाडी थांबायची ती थांबतेच. १९९२ साली ते बीजाशयाच्या आणि १९९४ साली स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. तेव्हापासून लाखो स्त्रियांना त्याने आयुष्य दिले आणि त्यांच्यातल्या पुष्कळ जणींच्या बोटांची शुद्ध घेतली.

आता ह्या शास्त्रीय हकिकतीतून थोडा वेळ आमच्या कचेरीत या. विड्या वळणाऱ्या एका बाईंच्या स्तनाच्या कर्करोगावर पॅक्लिटॅक्सेलचा उपचार झाला. रोग गेला. पण विडी वळायची म्हणजे तेंदूच्या पानाची कड बोटाच्या शेंड्याने दुमडायची, आणि मजुरी मिळते ती हजारावर. बाईंचे पान हातातून फाटू लागले. त्या डोळ्यांनी पाहून वळू लागल्या, तेव्हा दिवसाचा आकडा निम्म्यावर आला. त्यांना कोणी कामावरून काढले नाही, कोणी अपशब्द बोलले नाही. हजेरीपुस्तकात त्यांची काहीच हानी झालेली नव्हती.

दुसरे गृहस्थ एका इंजिनियरिंग कारखान्यातील टर्नर. आतड्याच्या कर्करोगावर ऑक्सॅलिप्लॅटिन घेऊन ते 'फिट' असा दाखला घेऊन कामावर परतले. लेथवर काम करणाऱ्याला मायक्रोमीटर किती घट्ट फिरवायचा हे बोट सांगते. डोळा नंतर आकडा वाचतो. त्यांचे नग मापाबाहेर जाऊ लागले. व्यवस्थापनाने निष्काळजीपणाबद्दल 'कारणे दाखवा' नोटीस दिली. चौकशीत अधिकारी म्हणाले, मूठ वळते, हात वर जातो, मग तक्रार कसली? त्यांचाही सर्वस्वी दोष नव्हता. जे दिसत नाही ते त्यांनी मानावे तरी कशावरून? आम्ही मागणी केली ती नायलॉनच्या धाग्याच्या तपासणीची. ठराविक जाडीचा धागा कातडीवर टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा; रुग्णाने डोळे मिटून 'लागले' म्हणायचे. जाडी ठरलेली म्हणून दाबही ठरलेला. ही पद्धत १९६० च्या सुमारास जोसेफिन सेम्स आणि सिडनी वाइनस्टाइन ह्यांनी युद्धात मेंदूला इजा झालेल्या सैनिकांसाठी बसवली, आणि आज कुष्ठरोगाच्या व मधुमेहाच्या दवाखान्यांत ती रोजची आहे. सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. धागा आठ बोटांना कळला नाही. नोटीस मागे घेतली गेली आणि त्यांना हत्यारांच्या कोठीत काम मिळाले. उत्पादन भत्ता मात्र गेला तो गेलाच.

आता औषधांकडे वळू. डॉक्टरांनी हात बांधून पाहिले असे मुळीच नाही. पण गेल्या काही दशकांचा हा इतिहास बहुतांशी अपयशाचा आहे, आणि तो लोकांना सांगितला पाहिजे, कारण ह्याच अपयशी गोळ्यांवर गरीब माणसाचा पैसा अजून खर्च होतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शिरेतून दिले तर ऑक्सॅलिप्लॅटिनची बाधा कमी होते अशी समजूत होती. २०१४ साली ३५३ रुग्णांवरील चाचणीत ती खोटी ठरली. ई जीवनसत्त्व निरुपयोगी ठरले. गॅबापेंटिन ह्या कळांवरच्या प्रसिद्ध गोळीची ११५ रुग्णांवर चाचणी झाली. २००७ साली निकाल आला, खडीसाखरेच्या गोळीहून काही अधिक नाही. असीटिल कार्निटिन नावाचे एक पोषकद्रव्य 'नसांची ताकद' म्हणून विकले जाते. २०१३ साली ४०९ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत सहा महिन्यांच्या सुमारास असे आढळले की ते घेणाऱ्या बायकांची बधिरता न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वाढली. 'नुकसान तर नाही ना' म्हणून औषध देणाऱ्यांनी हा निकाल आपल्या टेबलावर लावून ठेवावा.

एक गोळी मात्र परीक्षेत उतरली. डुलॉक्सेटिन हे मूळचे उदासीनतेवरचे औषध. मधुमेहाच्या पायदुखीवरही ते चालते. अमेरिकेत २३१ रुग्णांवर पाच आठवडे ते देऊन पाहिले आणि २०१३ साली निकाल प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांपैकी १०० तील ५९ जणांच्या वेदना थोड्याफार कमी झाल्या, खोटी गोळी घेणाऱ्यांत ३८ जणांच्या. फरक आहे, पण बेताचा आहे. शिवाय ही गोळी मेंदूकडून कण्यात उतरणारा वेदनेचा लगाम आवळते. तंतू दुरुस्त करत नाही. म्हणजे रात्रीची आग शमली तरी विडीचे पान बोटाला लागेलच असे नव्हे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली आपली मार्गदर्शिका सुधारली, तेव्हा वेदनेसाठी शिफारस करण्याजोगे एवढे एकच औषध तिला आढळले आणि बाधा आधीच टाळण्यासाठी एकही नाही. ब जीवनसत्त्वेही प्रतिबंधाच्या यादीत बसली नाहीत. अर्थात ज्याच्या रक्तात बी-१२ खरोखरच कमी आहे त्याने ते घेतलेच पाहिजे. तो विषय निराळा. आणि डुलॉक्सेटिन हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरू करायचे आणि हळूहळूच सोडायचे औषध आहे, शेजाऱ्याच्या डबीतून उचलायचे नव्हे.

बाधा टाळण्याचा एक मार्ग औषधांच्या कपाटाबाहेर सापडला, तो म्हणजे विषाची मात्रा खरोखर किती लागते हे तपासणे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर ऑक्सॅलिप्लॅटिन सहा महिने देण्याचा परिपाठ होता. बारा देशांतील सहा चाचण्या एकत्र करून, १२,८३४ रुग्णांचा हिशेब २०१८ साली प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांऐवजी तीनच महिने दिले तर त्रासदायक बधिरतेचे प्रमाण शंभरात ४५ ते ४८ वरून १४ ते १७ वर उतरले. रोग उलटण्याची जोखीम ज्यांना कमी आहे अशा रुग्णांत तीन महिन्यांचा उपचार, विशेषतः एका ठराविक औषधजोडीने, जवळजवळ तितकाच गुणकारी ठरला. ज्यांची जोखीम मोठी त्यांच्याबाबत तसे म्हणता आले नाही. म्हणून हा निर्णय रुग्णाने एकट्याने घ्यायचा नाही. पण प्रश्न विचारायला काय हरकत आहे? आणि मुंग्या येऊ लागल्या हे फेरीच्या आधीच सांगायला हवे. आमचे लोक सांगत नाहीत. औषध थांबवतील, म्हणून गप्प राहतात. आणि तंतू गेल्यावर बोलतात.

आता व्यायाम. त्याचा आरंभ कर्करोगात नव्हे, तर उपदंशात आहे. गेल्याच्या गेल्या शतकात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात, उपदंशाने पाठीच्या कण्यातले संवेदनेचे मार्ग नष्ट होऊन माणसे डुलत चालत. पायात जोर असे, पण पाय कुठे आहे हे कळत नसे. बर्लिनच्या मोरित्झ रोम्बर्ग ह्यांनी दाखवले की असा माणूस डोळे उघडे असेपर्यंत उभा राहतो, आणि मिटले की झोके खातो. स्वित्झर्लंडमधील हायडन ह्या लहानशा गावी हाइनरिख फ्रेंकेल नावाचे डॉक्टर होते. १८८७ साली त्यांच्याकडे असा एक रुग्ण आला. नाकाच्या शेंड्याला बोट लावायची परीक्षा त्याला जमेना. काही महिन्यांनी तो परत आला तेव्हा त्याने ती सहज करून दाखवली. डॉक्टर चकित झाले. रुग्ण म्हणाला, परीक्षेत उतरायचे होते म्हणून घरी सराव केला. आम्हाला ह्या अनामिक रुग्णाबद्दल फार आदर वाटतो, कारण सरावाची सारी विद्या त्याच्यापासून निघाली. फ्रेंकेल ह्यांनी जमिनीवर रेघा आणि पावलांच्या खुणा काढून रुग्णांना मोजून, सावकाश, पुन्हा पुन्हा चालायला लावले. मेलेला तंतू त्याने जिवंत होत नसे. पण जे थोडे तंतू उरले त्यांच्या तुटक निरोपांचा अर्थ लावायला मेंदू शिकत असे. फ्रेंकेल ह्यांचे व्यायाम आजही त्यांच्याच नावाने शिकवले जातात.

कर्करोगाच्या दालनात ही विद्या यायला शंभर वर्षे लागली. किमो घेणाऱ्याला सल्ला मिळे तो विश्रांतीचा; घरचे लोकही 'पडून राहा' म्हणत, ह्यात माया होती. हा समज प्रथम हलवला तो अमेरिकेतील परिचारिकांनी. मॅकव्हिकर आणि विनिंगहॅम ह्या संशोधक परिचारिकांनी किमो चालू असलेल्या स्त्रियांना जागच्या जागी चालणाऱ्या सायकलीवर बसवून १९८९ साली दाखवून दिले की त्यांची ताकद घटण्याऐवजी वाढते. मग मज्जातंतूंची पाळी आली. अमेरिकेत ३५५ रुग्णांची एक चाचणी झाली. त्यांतल्या व्यायाम करणाऱ्या गटाला किमोच्या पहिल्या सहा आठवड्यांत घरच्या घरी चालणे आणि रबरी पट्ट्या ताणणे एवढाच कार्यक्रम दिला होता. २०१८ साली निकाल आला. त्यांच्या हातापायांतला थंड-गरम वाटण्याचा त्रास कमी राहिला. बधिरता आणि मुंग्यांतही फरक दिसला, पण गणिताने पक्का म्हणावा इतका नव्हे.

खरा ठळक निकाल २०२४ सालचा आहे. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधील फिओना श्ट्रेकमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिन किंवा सदाफुलीच्या कुळातील औषधे घेणारे १५८ रुग्ण निवडले आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाने आठवड्यातून दोनदा, पंधरा ते तीस मिनिटे, तोल सावरण्याचा सराव केला: एका पायावर उभे राहणे, मग हलत्या पाटावर उभे राहणे, आणि ते जमले की आणखी अवघड काही. दुसरा गट थरथरणाऱ्या यंत्राच्या फळीवर उभा राहिला. तिसऱ्याचा नुसता नेहमीचा उपचार चालला. तिसऱ्या गटात शंभरातील ७०.६ जणांना न्यूरोपॅथी झाली, थरथरणाऱ्या फळीवाल्यांत ४१.२ जणांना, आणि तोल सावरणाऱ्यांत ३०. कोणत्याही गोळीने आजवर एवढा फरक पाडलेला नाही. चाचणी लहान आहे, ती आणखी मोठ्या प्रमाणावर व्हायला हवी, हे खरे. कोणी म्हणेल, एका पायावर उभे राहणे आमच्या योगासनांत आणि तालमीत होतेच. असेल, पण किमोच्या रुग्णाला, कोणत्या दिवशी, किती वेळ, हे मोजून कोणी ठेवले नव्हते. मोजल्यावाचून आपण मालकाकडून पगारवाढ घेत नाही, मग औषधाचा गुण का मानावा?

बधिरता आल्यानंतरही सराव वाया जात नाही. २०१७ साली कर्करोगातून वाचलेल्या ५१२ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. उपचाराला सरासरी सहा वर्षे होऊनही त्यांतील ४७ टक्के स्त्रियांना मुंग्या-बधिरता होतीच, आणि अशा स्त्रियांचे पडण्याचे प्रमाण इतरांच्या जवळपास दुप्पट होते. तोलाचा सराव पडण्यातून वाचवतो. तो भिंतीजवळ किंवा जड टेबलाजवळ करावा, शेजारी कोणी असावे, आणि पहिल्यांदा व्यायामोपचार जाणणाऱ्याने शिकवावा. ज्याची हाडे रोगाने पोखरली आहेत किंवा रक्त फार उतरले आहे त्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून सुरू करू नये.

बधिर पायाची निगा कशी राखावी हे जगाने शिकले ते आपल्याच देशात. पॉल ब्रँड हे शल्यवैद्य १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरोग्यांच्या पायाची जखम रोगाने आपोआप होत नाही, तर न कळलेल्या टोचण्या-भाजण्याने आणि त्याच जागी पडणाऱ्या दाबाने होते, हे त्यांनी सिद्ध केले. म्हणून मऊ रबराची पादत्राणे, रोज रात्री तळवे पाहण्याची शिस्त. मग मधुमेहाच्या रुग्णांनी ती उचलली. किमोच्या रुग्णाला मात्र ती क्वचितच कोणी सांगते. आपण घरात अनवाणी वावरणारी माणसे. आंघोळीच्या पाण्यात आधी बोट घालून पाहणारी. ज्याचे बोट बधिर आहे त्याने कोपर घालून पाहावे, आणि घरातही चप्पल घालावी. सासूबाई रागावल्या तर त्यांना हे व्याख्यान वाचून दाखवावे.

राहिला प्रश्न वेळेचा. तोलाच्या सरावाला आठवड्याचा तासभर पुरतो, पण तो शिकवणारा माणूस आणि तो तास, दोन्ही कोठून आणायचे? मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले ते परळला, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूत. आज महाराष्ट्रभरचे आणि परप्रांतांतलेही रुग्ण तिथे येतात, किमोच्या दिवशी येतात आणि संध्याकाळच्या गाडीने गावी परततात. त्यांना आठवड्यातून दोनदा परळला सरावाला या म्हणणे ही थट्टा होईल. तो सराव तालुक्याच्या दवाखान्यात शिकवता आला पाहिजे. त्याला लागतो एक पाट, एक भिंत आणि एक शिकलेला माणूस. आमच्यापुरते सांगायचे तर, त्या टर्नरच्या प्रकरणानंतर ज्या कारखान्यांत आमची युनियन आहे तिथल्या मागण्यांच्या यादीत आम्ही तीन कलमे घातली: किमो घेतलेल्या कामगाराला 'फिट' दाखल्याबरोबर धाग्याची तपासणी, जाणीव परत येईपर्यंत भत्त्यासह दुसरे काम, आणि वर्षभर आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाची भरपगारी सवड. पहिले कलम एका कारखान्याने मान्य केले आहे. दुसऱ्यावर बोलणी चालू आहेत. तिसरे वाचून व्यवस्थापक हसले आणि म्हणाले, एका पायावर उभे राहायला आम्ही पगार द्यायचा? २०२४ च्या चाचणीचे आकडे आम्ही मराठीत उतरवून त्यांच्याकडे दिले आहेत. पुढची बैठक जूनमध्ये आहे.